आठ रेघांचा आलेख

"मॅडम, माझं इंग्रजीच कच्चं आहे. पेपर लिहायला बसले की हातपाय गळतात."

पीएचडी करणाऱ्या मुलांकडून हे वाक्य नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या केबिनमध्ये वरचेवर ऐकू येतं. ही मुलगी दिंडोरीकडची, द्राक्षावरच्या केवडा रोगावर काम करणारी. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) गाइडनी मसुदा परत पाठवला होता, परिषदेतलं सादरीकरण तोंडावर आलं होतं आणि हिची झोप उडाली होती.

वनस्पतिरोगशास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही. तरी अशा वेळी मी आधी आकृत्या बघायला मागते. तिनं लॅपटॉप उघडला. एकाच आलेखात आठ रेघा, आठ रंगांच्या. त्यात लाल आणि हिरवी अगदी शेजारी.

"यातली कुठली बघू?"

तिनं लगेच बोट ठेवलं. "ही. गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, पहिली फवारणी लवकर घेतली, तिथं केवडा कमी राहिला. बाकीच्यांत फारसा फरक नाही."

"मग बाकीच्या इथं कशाला?"

बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "काढल्या तर सर म्हणतील, एवढंच केलंस का?"

दुखणं इथं होतं. इंग्रजीचं नंतर बघता येतं. मेहनत दिसावी म्हणून आलेख कोंबायचा, स्लाइडवर अख्खा परिच्छेद चिकटवायचा. वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही, मसुदा परत येतो आणि भीती आणखी वाढते.

आत्ता बोललीस तेच वाक्य लिही, म्हटलं, मराठीतच. पुढं तेच आकृतीखालच्या मजकुराचं पहिलं वाक्य झालं. आलेखात दोनच रेघा ठेवल्या: लवकर फवारलेली निळी, कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठीची, नारिंगी. लाल-हिरव्यातला फरक अनेक पुरुषांना नीट कळत नाही, परीक्षकांतही असे असणारच. उरलेल्या सहा पुरवणीत गेल्या.

एरर बारही विचारले, म्हणजे आकडा किती मागंपुढं होऊ शकतो ते दाखवणाऱ्या उभ्या रेघा. ते स्टँडर्ड एररचे होते, "लहान दिसतात म्हणून". स्टँडर्ड डेव्हिएशन आकडे किती विखुरलेत ते सांगतं, स्टँडर्ड एरर सरासरी किती भरवशाची ते. चार रिप्लिकेशन असली, म्हणजे प्रयोग चारदा केलेला असला, की स्टँडर्ड एरर हा स्टँडर्ड डेव्हिएशनच्या बरोबर निम्मा येतो. तेव्हा काय काढलंय ते खाली लिहायलाच हवं. (एवढं तर इतरांचे आलेख बघून बघून मलाही कळायला लागलंय.)

मग ती दुसऱ्या टोकाला गेली. आलेखच नको, सरासरीचा तक्ता देते! तिला अँस्कॉम्ब या संख्याशास्त्रज्ञाचे १९७३ सालचे चार संच दाखवले. सरासरी, व्हेरियन्स (आकड्यांचं विखुरलेपण), सहसंबंध जवळजवळ सारखेच. आलेख काढले की चारही निराळे. तक्त्याचा हट्ट सुटला.

परिषदेत हात थरथरले, ते तिनंच सांगितलं. एकानं गाळलेल्या सहा रेघांबद्दल विचारलंच. त्यांची स्लाइड शेवटी जोडून ठेवलेली होती, ती उघडून दाखवली. गाइडनी मसुदा पुन्हा परत पाठवलाय. या वेळी खुणा चर्चेच्या भागावर आहेत, आकृतीवर एकही नाही.