एकत्र अभ्यास आणि एकट्याने लिहायचा पेपर

प्रश्न : आम्ही चौघे मित्रमैत्रिणी प्रगत रसायनशास्त्राच्या परीक्षेची तयारी एकत्र करतो. परीक्षा तोंडावर आली आहे आणि बराच भाग राहिला असल्यामुळे रोज संध्याकाळी चार-पाच तास बसतो. आमच्यातल्या एकीला हा विषय चांगला येतो. ती गणिते सोडवून दाखवते आणि त्या वेळी सगळे समजते. मात्र घरी सराव प्रश्नपत्रिका सोडवायला घेतली, की रासायनिक समतोल आणि आम्ल-आम्लारी या भागांत पहिल्याच पायरीला अडायला होते. एकत्र बसणे बंद करून प्रत्येकाने आपापला अभ्यास करावा का?

उत्तर : एकत्र बसणे बंद करू नका, पण बसण्याची रीत आजच बदला. मैत्रीण गणित सोडवत असताना कोणते सूत्र घ्यायचे, कोणते पद नगण्य मानायचे, कुठे थांबायचे हे सगळे निर्णय तीच घेत असते. तुम्हाला तो प्रत्येक निर्णय पटतो, एवढेच. परीक्षेत मात्र गुण पटण्याला नसून निर्णय घेण्याला असतात आणि तो सराव तुमच्या संध्याकाळच्या बैठकीत एकाच व्यक्तीला मिळतो आहे.

समजल्यासारखे वाटणे आणि लक्षात राहणे यांतले अंतर मानसशास्त्रज्ञांनी मोजून दाखवले आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून झाल्यावर न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले होते. तुमची संध्याकाळ पाच मिनिटांनंतरच्या त्या चाचणीसारखी फसवी आहे, म्हणूनच घरी गेल्यावर हात थांबतो.

मग चौघांनी करायचे काय? हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून आपल्या वर्गात रुजवलेली पद्धत तुमच्या गटाला जशीच्या तशी लागू पडेल. त्यांच्या वर्गात प्रश्न मांडल्यावर प्रत्येक विद्यार्थी आधी एकट्याने विचार करून उत्तर नोंदवतो, मग शेजाऱ्याला ते पटवून देण्याचा प्रयत्न करतो आणि त्यानंतर पुन्हा उत्तर देतो. या क्रमातली पहिली पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि घाईच्या अभ्यासात नेमकी तीच गाळली जाते.

एक प्रश्न घेऊन पाहू. ०.१० मोलर ॲसेटिक आम्लाच्या ५० मिलिलिटर द्रावणाचे ०.१० मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन (थेंबाथेंबाने मिसळून मोजमाप) करायचे आहे. आम्लाचा पीकेए (आम्लाची तीव्रता दाखवणारा आकडा) ४.७४ आहे, समतुल्य बिंदूला, म्हणजे सगळ्या आम्लाला पुरेल इतकेच सोडियम हायड्रॉक्साइड पडल्यावर, द्रावणाचा सामू (पीएच) किती असेल? चौघांनी न बोलता दहा मिनिटे लिहावे आणि मगच वह्या शेजारी ठेवाव्यात. एखाद्या वहीत ७.०० हे उत्तर सापडेल, कारण उदासिनीकरण पूर्ण झाले म्हणजे द्रावण उदासीन झाले असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्या क्षणी द्रावणात ॲसेटेट आयन असतात, ते पाण्याकडून प्रोटॉन घेतात आणि द्रावण आम्लारिधर्मी होते. दुसऱ्या वहीत ८.८७ असेल. हा विद्यार्थी रसायनशास्त्रात चुकलेला नाही; आकारमान ५० वरून १०० मिलिलिटर झाले आणि ॲसेटेटची संहती ०.०५ मोलरवर आली, एवढेच त्याच्या ध्यानातून निसटले. बरोबर उत्तर ८.७२ आहे. या दोन चुकांना लागणारे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिल्याला अख्खी संकल्पना पुन्हा मांडून घ्यावी लागेल, तर दुसऱ्याला अनुमापनाच्या प्रत्येक गणितात एकूण आकारमान सर्वांत आधी लिहिण्याची सवय पुरेल. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला आपले उत्तर चुकले एवढेच कळते. ते का चुकले हे शेजारच्या वहीमुळे कळते, आणि माझ्या मते एकत्र बसण्याचे खरे कारण हेच असायला हवे.

विषय चांगला येणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला एक विनंती करा. तिने सगळ्यांत शेवटी बोलावे आणि उत्तर सांगण्याऐवजी प्रश्न विचारावेत : समतुल्य बिंदूच्या अर्ध्या वाटेवर, म्हणजे २५ मिलिलिटर घातल्यावर, सामू नेमका ४.७४ का येतो? लॉगॅरिदम न वापरता हे सांगता येईल का? त्या क्षणी आम्ल आणि ॲसेटेट यांची मात्रा सारखी असते, हे ज्याला आपल्या शब्दांत सांगता आले, त्याला बफर द्रावणाचा, म्हणजे सामू सहजी न बदलणाऱ्या द्रावणाचा, अर्धा धडा आला असे खुशाल समजावे. यात तिचाही तोटा नाही, कारण सवयीने सोडवलेल्या गणिताचे कारण सांगताना चांगल्या विद्यार्थ्यालाही आपल्या समजुतीतल्या फटी दिसतात.

आयनांचे प्रभार, विद्राव्यतेचे नियम, मूलद्रव्यांच्या संज्ञा यांसाठी गटाचा वेळ खर्च करू नका. ते पाठांतर घरीच उरकावे. एककांच्या चुका मात्र एकमेकांच्या वह्यांत आवर्जून शोधा. एन्थाल्पीतील बदल बहुधा किलोज्यूलमध्ये आणि एन्ट्रॉपीतील बदल ज्यूलमध्ये दिलेला असतो. मुक्त ऊर्जा काढताना एन्ट्रॉपीच्या आकड्याला हजाराने भागायचे राहिले, की पुढचे सगळे गणित वाया जाते. वायुस्थिरांक ८.३१४ घ्यायचा की ०.०८२०६, हेही दाब आणि आकारमानाची एकके पाहूनच ठरवावे. या चुका स्वतःच्या वहीत दिसत नाहीत, दुसऱ्याच्या वहीत चटकन दिसतात.

प्रश्न : आमच्या अभ्यासगटात एका प्रश्नावरून वाद झाला. नायट्रोजन आणि हायड्रोजन यांपासून अमोनिया तयार होण्याच्या समतोलात आर्गॉन हा निष्क्रिय वायू मिसळला तर समतोल सरकेल की नाही? दोघींचे म्हणणे सरकणार नाही, दोघांचे म्हणणे डावीकडे, म्हणजे नायट्रोजन-हायड्रोजनकडे, सरकेल. अशा वेळी लगेच नमुना उत्तर पाहावे का?

उत्तर : लगेच पाहू नये. आधी प्रत्येक बाजूने आपले कारण लेखी मांडावे, म्हणजे वाद उत्तराविषयी आहे की गृहीतकाविषयी, हे उघड होते. तुमच्या वादात तो गृहीतकाविषयी आहे. भांड्याचे आकारमान स्थिर असेल तर आर्गॉनमुळे एकूण दाब वाढतो, पण अभिक्रियेतील तिन्ही वायूंचे आंशिक दाब (मिश्रणातील प्रत्येक वायूचा स्वतःचा दाब) होते तेवढेच राहतात, म्हणून समतोल हलत नाही. त्या दोघींनी हेच धरले असावे. एकूण दाब स्थिर ठेवला तर मिश्रण प्रसरण पावते, आंशिक दाब घटतात आणि वायूंचे मोल अधिक असलेल्या बाजूकडे, म्हणजे दोनऐवजी चार मोल असलेल्या डाव्या बाजूकडे, समतोल सरकतो. तेव्हा मूळ प्रश्न पुन्हा उघडा, स्थिर काय ठेवले आहे ते पाहा आणि त्या शब्दांखाली रेघ ओढा. अट दिलेलीच नसेल, तर उत्तरपत्रिकेत आपण कोणती अट गृहीत धरली ते लिहून मगच पुढे जावे.