तरुण गायकांची स्पर्धा ऐकताना
जळगाव-धुळ्याकडच्या शास्त्रीय गायन स्पर्धेला श्रोता म्हणून प्रथमच बसणार असाल, तर तानांच्या, म्हणजे जलद स्वरसमूहांच्या, वेगावरून लगेच मत बनवू नका. स्पर्धक तानपुरा किती मन लावून जुळवतो आणि पहिला षड्ज, म्हणजे सा, किती स्थिर लागतो, ते आधी पाहा. भूप आणि देशकार या रागांचे स्वर तेच पाच, सा रे ग प ध. मात्र भूपात गंधार (ग) आणि देशकारात धैवत (ध) वादी, म्हणजे मुख्य स्वर, असल्यामुळे गाणारी मुलगी कुठे विसावते, हे कान देऊन ऐकलेत, तर तिची तालीम कळते. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालाच्या १२ मात्रा बोटांवर मोजत राहा. मुखडा, म्हणजे बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, घाईने कोंबून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, गाठली, की तो सहज समेवर उतरला, हे मला सर्वांत मोलाचे वाटते.