मेश बदलला की उत्तर बदलतं!

प्रश्न : मी एमएस्सी भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पात मायक्रोवेव्ह रेझोनेटर प्रोबच्या टोकाजवळच्या इव्हॅनेसंट (टोकाबाहेर लगेच विरणाऱ्या) फील्डचं सिम्युलेशन करते आहे. टोक नमुन्याजवळ नेलं की रेझोनेटरची वारंवारता सरकते, त्यावरून नमुना तपासायचा. मेश (गणितासाठी मॉडेलचे पाडलेले बारीक तुकडे) बदलला की उत्तर बदलतं. सहा महिने त्यातच गेले. विषयही फार अरुंद वाटतो. यात करिअर आहे, की सरळ प्रोग्रॅमिंगकडे वळू?

उत्तर : करिअरचं नंतर बघू, आधी मेश. कारण तू कशात कच्ची आहेस आणि कशात पक्की होऊ शकतेस, ते तिथेच कळतं.

१ गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी ३० सेंटिमीटर, म्हणजे पाव-तरंगाचा रेझोनेटर साडेसात सेंटिमीटरचा. टोक मात्र समजा १ मायक्रॉनचं. बाहेरचं इव्हॅनेसंट फील्ड तरंगलांबीला विचारत नाही. टोकाच्या आकाराएवढ्या अंतरातच विरतं. म्हणून तर अ‍ॅश आणि निकोल्स या संशोधकांना १९७२ मध्ये ३ सेंटिमीटरच्या लहरींनी तरंगलांबीच्या साठाव्या भागापर्यंतचा बारकावा टिपता आला. सॉफ्टवेअरचे हाल मात्र इथेच होतात, एकाच मॉडेलमध्ये ७५,००० पटींचा फरक.

आता नमुन्यामुळे वारंवारता १० किलोहर्ट्‌झने सरकली असं धर. सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा सॉफ्टवेअरचा भाग) हजारात एक चुकला तरी ती चूक १ मेगाहर्ट्‌झ, शंभर पट! दरवेळी टोक आणि नमुन्यातलं अंतर बदलून नव्याने मेश करत असशील तर आलेखात तुला मेशचीच चूक दिसते आहे. भूमिती आणि मेश तसाच ठेव. नमुन्याच्या जागी आधी हवा भर, मग पदार्थ. दोन्हीकडची चूक जवळपास सारखी असल्याने वजाबाकीत बरीचशी जाते. त्याहून बरं म्हणजे टोकाचा भाग वेगळा काढ. तरंगलांबीपुढे तो इतका लहान आहे की तिथे स्थिरविद्युताचं गणित पुरतं. कपॅसिटन्समधला (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतला) बदल काढ आणि पर्टर्बेशनने, म्हणजे लहान बदलाचा परिणाम अंदाजाने काढायच्या पद्धतीने, वारंवारतेत आण. टोक गोल धरून प्रतिमा-प्रभारांच्या (पृष्ठभागाऐवजी काल्पनिक प्रभार धरायच्या) पद्धतीने ताळाही करता येतो.

विषय अरुंद आहे, ते नाकारत नाही. फक्त या प्रोबवर जगायचं तर संशोधन संस्था आणि मोजक्या उपकरण कंपन्या, तिथेही बहुधा पीएचडी लागते. पण हेच काम अँटेना, फिल्टर, एमआरआयच्या कॉइल आणि क्वांटम चिपवरच्या रेझोनेटरमध्ये आहे. मी मुलाखती घ्यायचो तेव्हा एकच विचारायचो : हे उत्तर चुकलं असतं तर तुला कसं कळलं असतं? बहुतेक जण लॅपटॉप वळवून रंगीत चित्र दाखवायचे. (चित्र सुंदर असायचं, ते मान्य.) तुझ्याकडे या प्रश्नाला खरं उत्तर तयार होतंय. बायोडेटात सॉफ्टवेअरच्या नावांपेक्षा तेच लिही.

कमी दिसते ती मोजमापाची बाजू. पत्रात तिचा उल्लेखच नाही. व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझर (मायक्रोवेव्ह संकेत किती परततो, किती पार जातो ते मोजणारं यंत्र) स्वतः कॅलिब्रेट करून रेझोनेटरची वारंवारता आणि क्यू (आकडा जितका मोठा, तितकी ऊर्जा कमी वाया जाते) मोजून बघ. गणितातला क्यू जवळजवळ नेहमीच जास्त येतो. सांधे आणि पृष्ठभागाचा खडबडीतपणा मॉडेलमध्ये नसतो.

प्रोग्रॅमिंगसाठी हे सोडायची गरज नाही. ओपनईएमएस हे अशा सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पायथॉनमधून चालतं. अंतर बदलत शंभर गणितं आपोआप करणारी स्क्रिप्ट लिही. ती लिहिण्यातच जास्त रमलीस, तर प्रोग्रॅमिंगकडे खुशाल वळ. आलेखातला एखादा चुकार बिंदू तुला झोपू देईना, तर पीएचडीचे अर्ज मागव.