पोहण्याच्या तलावाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येतो, डोळे चुरचुरतात. क्लोरीन कमी करावं का?

कमी करू नका. असा वास बहुतेक वेळा क्लोरीन पुरत नसल्यामुळे येतो. तलावाची देखभाल माझ्याकडे आली तेव्हा मीही वास आला की डोस घटवायचो, आणि दोन-चार दिवसांत भिंती बुळबुळीत व्हायच्या.

घाम आणि लघवीतल्या नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन तयार होतात. तो वास त्यांचा, डोळ्यांची आगही मुख्यतः त्यांचीच, आणि जंतू मारायची ताकद मात्र अगदी थोडी. म्हणून टेस्ट किटवर एकूण क्लोरीन आणि मुक्त क्लोरीन (जंतू मारायला अजून मोकळं असलेलं) वेगवेगळे मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे अडकलेलं क्लोरीन. ते ०.५ पीपीएम (दहा लाख भागांत अर्धा भाग) निघालं, तर तलाव बंद ठेवून त्याच्या दहापट, म्हणजे ५ पीपीएम क्लोरीन एकदम द्यावं लागतं. त्याहून कमी दिलंत तर क्लोरामाइन पुरते मोडत नाहीत. नंतर आकडा नेहमीच्या पातळीवर उतरेपर्यंत कोणालाही पाण्यात सोडू नका.

पण त्याआधी पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी आहे त्याचं माप, बघा, कारण खरी मेख तिथे असते. जंतू मारतं ते हायपोक्लोरस आम्ल. पीएच ७.५ असताना मुक्त क्लोरीनपैकी सुमारे निम्मं त्या रूपात असतं, ८ वर गेला की पाव हिस्साच, किंवा त्याहूनही कमी. तेवढंच रसायन, तेवढाच खर्च, आणि काम निम्मं! मी पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणि मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम ठेवतो.

ट्रायक्लोरच्या (पाण्यात हळूहळू क्लोरीन सोडणाऱ्या) गोळ्या वापरत असाल तर त्यांच्यासोबत सायन्युरिक आम्लही पाण्यात जातं. उन्हात क्लोरीन टिकतं ते त्याच्यामुळे, पण ते साचत जातं आणि ५० पीपीएमच्या वर गेलं की क्लोरीन मंदावतं. मग थोडं पाणी काढून ताजं भरणं हाच सरळ उपाय. ओझोन वायू आणि यूव्हीची (अतिनील किरणांची) मदत होते, पण त्यांचा असर पाण्यात टिकून राहत नाही. क्लोरीन तरीही लागतंच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हायपोक्लोराइटमध्ये (तलावात क्लोरीनसाठी घालतात त्या द्रवात किंवा पावडरीत) आम्ल कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. ट्रायक्लोर आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकत्र आले तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. दोन्हींसाठी माप वेगळं, कोरडं ठेवा. पावडर विरघळवायची तर आधी बादलीत पाणी घ्या, मग त्यात पावडर सोडा. पावडरीवर पाणी ओतायचं नाही.