वाचक विचारतात: समुद्रतळाच्या समखोली रेषा काढताना

किनाऱ्यालगतच्या समुद्राची खोली मोजून समखोली रेषांचा (सारख्या खोलीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा कसा करावा, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेकांची तक्रार सॉफ्टवेअरबद्दल आहे. पण रेषा बिघडते ती बहुधा त्याच्या आधीच, पाण्यावर घेतलेल्या नोंदीत. त्यामुळे उत्तरांचा भर तिकडेच आहे.

प्रश्न : लहान होडीवर जीपीएसवाला फिश-फाइंडर लावून एका उपसागराची खोली मोजली. त्याच जागी सकाळी 8.4 मीटर आली आणि दुपारी साडेसहा मीटरच्या आसपास. यंत्र बिघडले आहे का?

यंत्र ठीक आहे. फिश-फाइंडर तळावरून परतणाऱ्या ध्वनीने खोली मोजतो. तो दाखवतो ते ट्रान्सड्यूसरपासून, म्हणजे ध्वनी सोडणाऱ्या भागापासून, तळापर्यंतचे त्या क्षणीचे अंतर. नकाशावर लागते ती एका ठरलेल्या पातळीखालची खोली. ही पातळी म्हणजे चार्ट डेटम. ती सहसा सर्वांत खालच्या ओहोटीच्या आसपास धरतात, म्हणजे प्रत्यक्षात पाणी नकाशापेक्षा कमी मिळण्याची वेळ क्वचितच येते.

हिशेब असा. वाचन 8.4 मीटर. ट्रान्सड्यूसर पाण्याच्या पृष्ठभागाखाली 0.4 मीटर. त्या वेळी पाणी चार्ट डेटमच्या वर 2.3 मीटर. मग नकाशावरची खोली 8.4 + 0.4 – 2.3 = 6.5 मीटर. दुपारी वेगळे वाचन येऊनही उत्तर हेच यायला हवे. तसे आले तर तुमची पद्धत बरोबर आहे.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले, ट्रान्सड्यूसरची बुड खोली (तो पृष्ठभागाखाली किती आहे ते अंतर) दोनदा मिळवली जाते: एकदा यंत्राच्या सेटिंगमध्ये, एकदा संगणकावर. यंत्र एनएमईए 0183 या ठरलेल्या साच्यात ओळी लिहिते. तिच्या नोंदीत डीबीटी वाक्य (एका प्रकारची ओळ) असेल तर ती खोली ट्रान्सड्यूसरखालची असते. डीपीटी वाक्यात खोलीच्या पुढे ऑफसेटचा आकडा वेगळा येतो. तो धन असेल तर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंतचा, ऋण असेल तर होडीच्या तळकण्यापर्यंतचा. कामाला लागण्याआधी पाचदहा ओळी उघडून डोळ्यांनी वाचा. दुसरे, वेळ. जीपीएसची नोंद यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) होते आणि भरतीचे तक्ते स्थानिक वेळेत असतात. हा फरक राहून गेला, तर भरती-ओहोटीची दुरुस्ती उलटीसुद्धा बसू शकते.

भरती तक्त्यातून घेण्यापेक्षा प्रत्यक्ष मोजलेली बरी. धक्क्याच्या खांबाला सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी बांधा आणि दर 10 मिनिटांनी चारपाच लाटांची सरासरी लिहून ठेवा. 10 मिनिटेच का? दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक 3 मीटर असेल, तर मधल्या तासांत पाणी ताशी सुमारे 75 सेंटिमीटर चढते, म्हणजे 10 मिनिटांत साडेबारा. अर्ध्या तासाची नोंद अशा वेळी अपुरी पडते. शिवाय तक्त्यात वाऱ्याचा आणि हवेच्या दाबाचा परिणाम धरलेला नसतो. दाब 1 हेक्टोपास्कल उतरला की पाणी साधारण 1 सेंटिमीटर चढते. पट्टीचे शून्य जवळच्या पक्क्या बेंचमार्कला (ठरलेल्या उंचीच्या खुणेला) लेव्हलिंगने, म्हणजे उंचीतला फरक मोजून, जोडून घ्या. ती रात्रीतून सरकली तर दुसऱ्या दिवशी कळण्याचा तोच एक मार्ग.

प्रश्न : होडी किनाऱ्याला समांतर चालवावी की काटकोनात? दोन ओळींत अंतर किती ठेवावे?

एकाच बीमचा साउंडर (सरळ खाली एकच ध्वनिझोत सोडणारे यंत्र) असेल तर काटकोनात. समखोली रेषा साधारण किनाऱ्याला समांतर धावतात, म्हणून काटकोनात जाणारी होडी प्रत्येक रेषेला स्पष्ट छेद देते. समांतर गेलात तर एखादी रेषा दोन ओळींच्या मधोमध दडून राहील आणि तिची जागा अंदाजाने भरावी लागेल. अनेक झोतांनी रुंद पट्टा मोजणाऱ्या मल्टीबीमचे उलट आहे. त्याचा पट्टा खोलीच्या तीनचार पट रुंद पडतो, म्हणजे पाणी उथळ झाले की पट्टाही अरुंद होतो. म्हणून ते समखोली रेषांना समांतर चालवतात, पट्टा एकसारखा राहतो.

अंतराचा जुना आणि अजूनही उपयोगी नियम: नकाशावर 1 सेंटिमीटर. 1:5,000 चा नकाशा हवा तर ओळी 50 मीटरवर, 1:10,000 चा हवा तर 100 मीटरवर. खडकाळ भागात, खाडीच्या मुखाशी आणि वाळूच्या दांड्यावर हे अंतर निम्मे करा.

तपासणीच्या आडव्या ओळी अजिबात टाळू नका. मुख्य ओळींतल्या अंतराच्या फार तर 15 पट अंतरावर त्या असाव्यात. जिथे दोन ओळी छेदतात तिथल्या दोन खोल्यांचा फरक हीच तुमच्या कामाची खरी परीक्षा. आंतरराष्ट्रीय जलालेखन संघटनेच्या एस-44 मानकात मोजणीच्या श्रेणींना ऑर्डर म्हणतात. त्यात 10 मीटर खोलीला ऑर्डर 1 साठी 95 टक्के खात्रीने सुमारे 52 सेंटिमीटर आणि स्पेशल ऑर्डरसाठी सुमारे 26 सेंटिमीटर इतकी उभी अनिश्चितता चालते. मात्र छेदबिंदूंवर 10 सेंटिमीटर फरक आला म्हणून काम स्पेशल ऑर्डरचे झाले असे नाही. त्या ऑर्डरला तळाचा इंच न् इंच तपासलेला लागतो. 50 मीटरवरच्या दोन ओळींमध्ये एखादा खडक उभा असेल, तर एका बीमच्या साउंडरला त्याची गंधवार्ताही नसते.

प्रश्न : उतारावरच्या सगळ्या समखोली रेषा करवतीच्या दात्यांसारख्या येतात. एक ओळ पुढे, एक मागे. तळ असा असणे शक्य आहे का?

तळ असा नसतो. होडी एका ओळीवर समुद्राकडे गेली, पुढच्या ओळीवर किनाऱ्याकडे परतली, आणि दोन्ही वेळा खोली चुकीच्या जागी नोंदली गेली. जाताना एका बाजूला, येताना दुसऱ्या. दात्यांचा हा नमुना ओळखीचा झाला की पुन्हा फसगत होत नाही.

कारणे दोन. एक म्हणजे विलंब: जीपीएसची जागा आणि साउंडरची खोली एकाच क्षणाच्या नसतात. 5 नॉट म्हणजे सेकंदाला सुमारे 2.6 मीटर. विलंब 1 सेकंदाचा असेल तर प्रत्येक खोली तेवढी सरकते आणि लगतच्या दोन ओळींत 5 मीटरहून जास्त तफावत पडते. दुसरे कारण म्हणजे अँटेना आणि ट्रान्सड्यूसर यांच्यातले आडवे अंतर. अँटेना नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, आणि ट्रान्सड्यूसर मागच्या फळीवर असेल, तर हे अंतर होडीच्या जवळपास लांबीएवढे असते.

दोन्हींचा परिणाम कागदावर सारखाच दिसतो, म्हणून वेगळे करण्यासाठी चाचणी घ्या. चांगला उतार असलेली एक ओळ निवडा. ती एकाच वेगाने जाताना आणि येताना चालवा, मग पुन्हा तसेच, पण निम्म्या वेगाने. उताराच्या दोन आलेखांतले आडवे अंतर मोजा. वेग निम्मा केल्यावर अंतरही निम्मे झाले तर विलंब. अंतर तेवढेच राहिले तर अँटेनाची जागा. विलंब काढायला ते अंतर दोन्ही वेगांच्या बेरजेने भागा: सेकंदाला 2.5 मीटरच्या दोन फेऱ्यांत 4 मीटर सरक आली, तर 4 ÷ 5 = 0.8 सेकंद. वेग म्हणून जमिनीच्या संदर्भातला, म्हणजे जीपीएसचा वेग घ्या. प्रवाह असला तर इंजिनावरून काढलेला अंदाज फसवतो.

सर्वांत चांगला उपाय आधीच करण्याचा आहे. एका सरळ खांबाच्या खालच्या टोकाला ट्रान्सड्यूसर, वरच्या टोकाला अँटेना, आणि खांब होडीच्या मध्याजवळ बाजूला पक्का आवळलेला. फिश-फाइंडरमधले खोली गुळगुळीत करणारे फिल्टरही बंद करा. त्यांच्यामुळेही खोली उशिराची दिसते.

याच प्रश्नाशी जोडलेली एक गोष्ट पत्रांत कुणीच विचारलेली नाही, पण ती लक्षात घेण्यासारखी आहे. 1:10 च्या तीव्र उतारावर जागा 2 मीटर चुकली तर खोली 20 सेंटिमीटर चुकते. 1:200 च्या सपाट तळावर मात्र खोली 20 सेंटिमीटर चुकली की समखोली रेषा 40 मीटर सरकते. म्हणून तीव्र उतारावर जागेची काळजी घ्या आणि सपाट तळावर भरतीच्या पट्टीची.

प्रश्न : ध्वनीचा वेग 1500 मीटर धरला तर चालतो का?

थंड पाण्यात बऱ्यापैकी चालतो, उष्ण समुद्रात नाही. 28 अंश सेल्सिअस आणि हजारात 35 क्षारता असताना पृष्ठभागाजवळ वेग सेकंदाला सुमारे 1541 मीटर असतो. यंत्रात 1500 ठेवलेत तर 25 मीटरची खरी खोली 24.3 दिसते. खाडीत क्षारता 20 वर आली, तर त्याच तापमानाला वेग 1525 च्या आसपास उतरतो. म्हणजे एकाच दिवसाच्या कामात खाडीच्या आत आणि बाहेर वेग वेगळा, आणि भरतीबरोबर तोही बदलणारा.

साधा उपाय म्हणजे बार-चेक. एक सपाट धातूची पट्टी, ताण पडल्यावर न लांबणाऱ्या साखळीने ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली 2, 5 आणि 10 मीटरवर सोडा. मोजमाप पाण्याच्या पृष्ठभागापासून. प्रत्येक खोलीला यंत्राचे वाचन लिहा. चूक सगळ्या खोल्यांना सारखीच असेल तर ट्रान्सड्यूसरची बुड खोली चुकली आहे. चूक खोलीबरोबर वाढत असेल तर ध्वनीचा वेग. दोन्ही मिसळलेले असेल तर आधी वेग दुरुस्त करा, मग उरलेला स्थिर फरक बुड खोलीत घाला. पाणी शांत असताना, कामाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा करा. साधारण 15 मीटरच्या पुढे पट्टी प्रवाहाने वाहून तिरकी लोंबते आणि चाचणी निरुपयोगी ठरते; तिथे ध्वनिवेगाचा उभा आलेख देणारे प्रोफायलर हवे.

प्रश्न : काही ठिकाणी यंत्र दोन तळ दाखवते. खरा कोणता?

नदीमुखाशी असेल तर बहुधा दोन्ही. 200 किलोहर्ट्झचा ध्वनी पातळ गाळाच्या वरच्या थरावरून परततो, 33 किलोहर्ट्झचा त्यात शिरून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. नकाशावर कोणता घेतला ते स्पष्ट लिहा आणि एका नकाशात दोन्ही मिसळू नका. गवताळ तळावरही असाच भास होतो. तिथे संशय वाटला की शिशाचा ओळंबा सोडून हाताने मोजावे, त्याला आजही पर्याय नाही.

प्रश्न : सॉफ्टवेअरने रेषा काढल्या की जागोजागी गोल गोल कडी दिसतात, आणि भूशिरावरूनही रेषा जातात. कोणती पद्धत वापरावी?

तुमचे बिंदू ओळीवर मीटर-दोन मीटरवर आहेत आणि ओळी 50 मीटरवर. अंतराच्या व्यस्त प्रमाणात वजन देणारी पद्धत अशा विदेवर (डेटावर) हमखास कडी काढते, कारण प्रत्येक ओळ तिच्या दृष्टीने एक वेगळे बेट असते. आधी ओळीवरचे बिंदू विरळ करा. प्रत्येक 5 ते 10 मीटरच्या तुकड्यातला सर्वांत उथळ बिंदू ठेवा, सरासरी नको. मग त्रिकोणांच्या जाळीने पृष्ठभाग बनवा आणि किनारा, बंधारा, खडकाची कड या ठिकाणी तोडरेषा घाला, म्हणजे त्रिकोण जमीन ओलांडणार नाहीत. मोजलेल्या क्षेत्राची हद्द बहुभुजाने आवळून घ्या; भूशिरावरून जाणाऱ्या रेषा ती न आवळल्यामुळेच येतात. ओळी 50 मीटरवर असताना 1 मीटरच्या चौकटीची ग्रीड करू नका. त्यात दिसणारा बारकावा कुणी मोजलेला नसतो.

रेषांमधला फरकही अचूकतेला शोभेल असा हवा. खोलीतली चूक 30 सेंटिमीटरपर्यंत असेल, तर पाव मीटरच्या रेषांत तळ कमी आणि गोंधळ जास्त दिसेल. 1 मीटरच्या काढा.

शेवटी रेषा गुळगुळीत करताना ती नेहमी खोल बाजूकडे सरकू द्या. 5 मीटरच्या रेषेच्या खोल बाजूला 4.8 चा एकही आकडा राहता कामा नये, मग वळण कितीही कुरूप दिसो. होडी चालवणारा माणूस रेषेवर विश्वास ठेवतो, आकडे शोधत बसत नाही. अपवाद गाळ उपसण्याच्या हिशेबाचा: घनफळ काढायचे असेल तर उथळ बिंदूंची निवड उत्तर फुगवते, तिथे सरासरीच घ्या. म्हणून मूळ विदा न छाटता जपून ठेवावी.

प्रश्न : मोजणी न करता फुकट मिळणाऱ्या विदेवरून रेषा काढता येतील का?

आराखड्यासाठी, हो. जेब्को या समुद्रतळाच्या जागतिक नकाशा प्रकल्पाच्या ग्रीडची चौकट 15 कोनीय सेकंदांची आहे, म्हणजे विषुववृत्तावर सुमारे 460 मीटर. लहानसा उपसागर अशा चारदोन चौकटींत संपतो. सेंटिनेल-2 उपग्रहांच्या 10 मीटरच्या चित्रांतून निळ्या आणि हिरव्या पट्ट्यांच्या लॉगरिदमच्या गुणोत्तरावरून खोली काढता येते, पण ताळा घ्यायला प्रत्यक्ष मोजलेले बिंदू लागतातच. पाणी नितळ असेल तर 15-20 मीटरपर्यंत काम चालते. गढूळ पाण्यात गाळ चमकतो आणि सॉफ्टवेअर त्याला उथळ तळ समजते. 2018 मध्ये सोडलेल्या आइससॅट-2 उपग्रहाच्या हिरव्या लेझरचे बिंदू ताळ्यासाठी चांगले. मात्र पाण्यातल्या अपवर्तनाची दुरुस्ती झाली आहे का ते पाहा. ती झाली नसेल तर खोली जवळजवळ एक तृतीयांश जास्त दिसते. होडी हाकारण्यासाठी यातले काहीही वापरू नये.

प्रश्न : शून्य मीटरची रेषा म्हणजेच किनारा ना?

नाही. नकाशावरचा किनारा सहसा भरतीच्या रेषेवर असतो, शून्याची रेषा चार्ट डेटमवर. मधला भाग ओहोटीला उघडा पडतो आणि त्यावरचे आकडे अधोरेखित लिहितात, कारण त्या उंच्या आहेत, खोल्या नाहीत. हा पट्टा दोनदा मोजा: मोठ्या भरतीला होडी जाईल तेवढी आत नेऊन, आणि मोठ्या ओहोटीला आरटीके जीपीएसच्या (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएसच्या) काठीने चालत. दोन्ही मोजण्यांत काही मीटरचा भाग सामाईक ठेवा. तिथे आकडे सर्वत्र एकाच फरकाने चुकत असतील, तर आरटीकेची उंची लंबगोलावरून (जीपीएस ज्याच्यापासून उंची मोजतो त्या पृथ्वीच्या गणिती आकारावरून) किंवा सरासरी समुद्रसपाटीवरून चार्ट डेटमवर आणायची राहिली आहे. फरक किनाऱ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाढत जात असेल, तर भरतीची एकच पट्टी त्या लांबीला पुरलेली नाही. दुसऱ्या टोकालाही एक लावा.