पुण्यात आपल्या भागातलं काम महापालिकेला सुचवायचं असेल तर कसं सुचवावं?

पुण्यात यासाठी सोय आहे: नागरिकांचा सहभागी अर्थसंकल्प, 2006 पासून. अंदाजपत्रक बनण्याआधी, साधारण पावसाळा सरताना, अर्ज मागवतात. क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन भरायचा. काम 5 लाखांच्या आतलं हवं. म्हणजे उड्डाणपूल विसरा. पदपथ, बाकडी, दिवे, बसथांबा असलं काहीतरी.

खरी मेख लिहिण्यात आहे. ‘रस्ते सुधारा’ असं लिहिलंत तर कोण काय करणार? ‘शाळेच्या फाटकापासून रिक्षा स्टँडपर्यंत पदपथाच्या 6 फरश्या उखडल्यात, मुलं रस्त्यावरून चालतात’ असं लिहा, फोटो जोडा. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनाही अर्ज करायला लावा. आणि हो, पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अंदाजपत्रक आलं की प्रभागाच्या यादीत आपलं काम शोधा. तुंबलेलं गटार मात्र यात घालू नका, ती तक्रार. ती वेगळी नोंदवायची.