इंग्लंडमधल्या घराचं डबल ग्लेझिंगचं (दुहेरी काचेचं) मागचं दार लागत नाही, किल्ली फिरत नाही. कुलूप बदलू की अख्खं दार?

अख्खं दार बदलू नका. निदान खाली सांगितलेली तपासणी होईपर्यंत कुणालाही आगाऊ पैसे देऊ नका.

तुम्ही लिहिलंय की आधी हँडल जड झालं, मग ते दोन हातांनी वर ओढावं लागायला लागलं आणि आता किल्लीच फिरत नाही. बघायला आलेला माणूस म्हणाला, दार जुनं झालंय, नवीन घ्या. शिवाय वरच्या खोलीतल्या खिडकीचं हँडल नुसतं गरागरा फिरतं. यातलं ‘नवीन घ्या’ हे वाक्य मी फार घरांत ऐकलंय. बहुतेक ठिकाणी ज्यानं ते म्हटलं त्यानं दार उघडं ठेवून हँडल उचलूनसुद्धा बघितलेलं नसतं.

तपासणी तेवढीच आहे. दार सताड उघडा आणि उघड्या दारातच हँडल वर करा. कडेच्या पट्टीतून आकडे बाहेर यायला हवेत, रोलर सरकायला हवेत आणि मग किल्ली अलगद फिरायला हवी. उघड्या दारात सगळं हलकं चालतं आणि बंद दारात जड जातं, तर कुलूप ठीक आहे, पल्ला खाली बसलाय. उघड्या दारातही करकर होते, हँडल मध्येच अडतं किंवा हँडल हलतं पण आकडे हलत नाहीत, तर गिअरबॉक्स, म्हणजे हँडलची हालचाल आकड्यांपर्यंत पोचवणारा कुलपाचा मधला डबा, गेलाय. किल्लीचाच संशय असेल तर सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, बाहेर काढून (रीत पुढे आहे) हातात धरून किल्ली फिरवा. हातात फिरली तर सिलिंडर निर्दोष.

आता माझं ठाम मत: गिअरबॉक्स तुटण्याआधी पल्ला बसलेला असतो, आणि पल्ला वर न घेता गिअरबॉक्स बदलणं म्हणजे तेच मोडकाम पुन्हा विकत घेणं. लंडनजवळच्या स्लाउमधल्या एका घराचं दार यासाठी सांगण्यासारखं आहे. पांढरं, पूर्ण काचेचं, बागेकडे उघडणारं. माझ्यासमोर आलं तेव्हा त्यात आधीच दोनदा नवा गिअरबॉक्स बसवून झाला होता आणि दुसराही तुटला होता. दोन्ही वेळा तुटला तो एकाच जागी. चौकोनी स्पिंडल (दोन्ही हँडलं जोडणारा दांडा) ज्या भोकात बसतो तो आतला फिरता तुकडा, जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव, कानापाशी चिरलेला. आकड्यांची खालची कड घासून चकाकत होती. पल्ला आणि चौकट यांच्यातली फट कुलपाच्या बाजूला वर चांगली रुंद होती, आणि खाली पल्ला उंबऱ्याला टेकत होता. कुलूप सरळ आत जात नव्हतंच. प्रत्येक वेळी हँडल उचलणारा माणूस आकड्यांच्या टोकांवर अख्खा पल्ला वर ढकलत होता, आणि तो सगळा भार त्या चिमुकल्या ओतीव तुकड्यावर येत होता.

वजनाचा हिशेब बघा. काच दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरते. चार अधिक चार मिलिमीटरची दुहेरी काच म्हणजे चौरस मीटरला २० किलो. पूर्ण काचेच्या दारात साधारण चौरस मीटरभर काच असते. यूपीव्हीसीचा (कडक प्लॅस्टिकचा) पल्ला आतून पोकळ, त्यात कुठे कुठे लोखंडी पट्टी, कोपरे वितळवून जोडलेले. एवढं वजन एका बाजूच्या बिजागऱ्यांवर लटकवलं की कुलपाकडचा कोपरा खाली येतो. म्हणून काच नुसती भोक बुजवायला बसवायची नसते, तिचा तिरपा टेकू करायचा असतो. बिजागरीच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचे पॅकर (फटीत सरकवायचे चपटे तुकडे), आणि कुलपाच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात पॅकर. काचेचं वजन खाली बिजागरीकडे उतरतं आणि वरचा कोपरा काचेनं उचलून धरलेला राहतो. स्लाउच्या दारात काच तळाच्या दोन पॅकरवर सपाट ठेवलेली होती, कोपऱ्यांत काहीच नव्हतं.

ते घरी करता येतं, पण घाई नको. पल्ला बंद करा आणि खालून पाचर देऊन स्थिर करा. आतल्या बाजूच्या काचपट्ट्या काढायच्या. सुरुवात लांब पट्टीच्या मधोमध, कारण ती वाकते. पातळ बोथट पुट्टीची सुरी पट्टी आणि पल्ला यांच्या सांध्यात घालून चौकटीच्या दिशेनं दाबा, पट्टी टिचकीसरशी सुटते. कुठली पट्टी कुठली ते मागे लिहून ठेवा. परत बसवताना आधी आखूड, मग लांब. काच बाहेर काढायची गरज नाही, पण समोरून एकानं ती धरून उभं राहायलाच हवं. मग कुलपाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात काचेची कड आणि पल्ला यांच्यामध्ये प्लॅस्टिकचं चपटं उचकटणं घालून हळूच रेटा. पल्ला वर येताना डोळ्यांना दिसतो. त्या फटीत पॅकर सरकवा. ते १ ते ६ मिमी जाडीचे, रंगांनुसार मिळतात. खाली बिजागरीकडचा पॅकर आधी पक्का बसवा, नाहीतर वरचा रेटा वाया जातो. दाराची काच टफन केलेली असते. तिच्या कोपऱ्यावर लोखंडी हत्यार टेकवलंत तर अख्खी काच दाण्यांसारखी खाली येईल. दारात काचेऐवजी पॅनेल असलं तरी पॅकिंगचा नियम तोच.

बिजागऱ्या त्यानंतर. फ्लॅग बिजागरीचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं की ॲलन कीचे स्क्रू दिसतात, बहुधा ४ किंवा ५ मिमीचे. एक उंचीचा, एक डावी-उजवी सरकवण्याचा. एका वेळी अर्धा फेराच द्या, सगळ्या बिजागऱ्यांना सारखा, आणि दर वेळी फट बघा. नेमकं कुठे अडतंय हे कळत नसेल तर आकड्यांना आणि दार लोटल्यावर अडकणाऱ्या जिभेला पेनची शाई फासा, दार लावा, उघडा, आणि चौकटीतल्या खाचेवर डाग कुठे पडला ते बघा. रोलरचा कणा विकेंद्री (मध्यापासून बाजूला) असेल तर तो पाव फेरा फिरवून दाब कमी-जास्त करता येतो. फक्त दुपारच्या उन्हातच दार जड होतं, सकाळी नाही, अशी स्थिती असेल तर पॅकिंगला हात लावू नका, रोलर सैल करा. यूपीव्हीसी तापलं की चांगलंच फुगतं, गडद रंगाचं दार तर जास्तच.

गिअरबॉक्स खरोखर तुटला असेल तर मोजमापांशिवाय मागवू नका. कुलपाच्या कडेच्या पट्टीच्या दर्शनी पृष्ठभागापासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतचं अंतर, म्हणजे बॅकसेट: बहुतेक दारांत ३५ मिमी, कधी २८ किंवा ४५. स्पिंडलच्या मध्यापासून किल्लीच्या भोकाच्या गोल भागाच्या मध्यापर्यंतचं अंतर: बहुतेक ९२ मिमी. पट्टीची रुंदी १६ की २० मिमी. पट्टीवर किंवा गिअरबॉक्सवर ठोकलेली अक्षरं आणि दोन्ही बाजूंचे फोटो. हँडलसाठी वरच्या आणि खालच्या स्क्रूंमधलं अंतरही घ्या, त्यात कंपनीगणिक फरक पडतो. गिअरबॉक्स सुटा मिळत नसेल तरच अख्खी पट्टी घ्या, आणि मग स्पिंडलपासून प्रत्येक आकड्याचं व रोलरचं अंतर मोजा.

काढायचा क्रम असा. दाराच्या कडेला सिलिंडरच्या पातळीवर एक लांब स्क्रू असतो, तो काढा. किल्ली सरळ स्थितीपासून किंचित फिरवा म्हणजे सिलिंडरच्या मधली जीभ त्याच्या अंगात लपते, आणि सिलिंडर बाहेर ढकला. हँडलचे आतल्या बाजूचे दोन स्क्रू काढा, हँडलं आणि स्पिंडल ओढून घ्या. मग पट्टीचे सगळे स्क्रू काढून पट्टी कडेतून बाहेर काढा. पट्टी जमिनीवर आडवी ठेवून जोडणाऱ्या दट्ट्यांची जागा फोटोत टिपा. नवा गिअरबॉक्स त्याच स्थितीत बसवला नाही तर वरचे आणि खालचे आकडे एकत्र चालत नाहीत. दार लोटल्यावर अडकणाऱ्या जिभेचा उतार दार बंद होण्याच्या दिशेला हवा. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये ती ओढून उलटी करता येते. हँडलचे स्क्रू हातानं आवळा, ड्रिलनं नाही. फार आवळले की पल्ला दबतो, हँडल परत जड होतं आणि दोष नव्या गिअरबॉक्सवर जातो.

हँडल खाली लोंबत असेल तर आणखी एक फरक ओळखा. हँडलं काढून नुसता स्पिंडल घाला आणि पकडीनं फिरवून सोडा. आपोआप परत आला तर गिअरबॉक्सची स्प्रिंग जिवंत आहे, हँडलमधली गेली. नवीन स्प्रिंगचं हँडल पुरतं.

सिलिंडर काढलेलाच असेल तर त्याचंही बघून घ्या. जुने साधे सिलिंडर स्क्रूच्या भोकापाशी बारीक असतात, तिथेच चोर ते मोडतात. टीएस ००७ (सिलिंडरच्या सुरक्षेचं ब्रिटिश मानक) चे तीन तारे असलेला घ्या, किंवा एक ताऱ्याचा सिलिंडर आणि दोन ताऱ्यांचं हँडल. माप स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून दोन्ही टोकांपर्यंत, आधी बाहेरचं. हँडलच्या बाहेर ३ मिमीपेक्षा जास्त डोकावता कामा नये.

खिडकीचं काम सोपं. हँडलची टोपणं सरकवा, ४३ मिमी अंतरावरचे दोन स्क्रू काढा. मागचा ७ मिमीचा चौकोनी दांडा पकडीनं फिरवा. कडेच्या पट्टीतले खिळे सरकले तर हँडल झिजलंय, नवीन आणा. दांड्याची लांबी मोजा. आखूड घेतलात तर तो गिअरबॉक्समध्ये पुरेसा शिरत नाही आणि भोकाचे कोपरे खातो. लांब असला तर करवतीनं कापता येतो. खिळे सरकले नाहीत तर खिडकीचा गिअरबॉक्स गेला. त्याचा बॅकसेट बहुधा २० किंवा २२ मिमी. पण तिथेही आधी वरखालच्या घर्षणपट्ट्या बघा. त्यांचे रिव्हेट ढिले झाले की झडप खाली येते आणि खिळे खाचेला आपटतात. जाडी १३ की १७ मिमी आणि लांबी इंचांत मोजून जोडीनं बदला.

तेलाबद्दल लोक भांडतात म्हणून सांगतो. आकडे, रोलर आणि खाचांना हलकं मशीन ऑइल किंवा पांढरं ग्रीस, वर्षातून दोनदा. सिलिंडरमध्ये तेल नाही, कोरडं ग्रॅफाइट किंवा पीटीएफई (टेफ्लॉन). पाणी हटवायचा साधा स्प्रे चार दिवस बरं वाटू देतो, मग धूळ धरतो. बसलेला पल्ला कुठल्याच तेलानं वर येत नाही.

एका बसवणाऱ्या कारागिराशी माझा याच विषयावर जुना वाद आहे. त्याचं म्हणणं, मल्टिपॉइंट (एकाच वेळी अनेक जागी लागणारं) कुलूप स्वतःच पल्ल्याला ओढून जागेवर आणतं, कोपऱ्यातलं पॅकिंग फक्त कागदावरचा नियम. माझं उत्तर: कुलूप पल्ल्याला चौकटीच्या रबराकडे आडवं ओढतं, वर उचलत नाही. उचलायची ताकद त्यात असती तर स्लाउच्या दारात नवेकोरे गिअरबॉक्स एकाच कानापाशी चिरले नसते. तिथे पॅकिंग केल्यावर तिसरा बसवला, त्याच जातीचा, आणि तो टिकून आहे. यानंतरही कुणी पॅकिंग न करता काच बसवून देत असेल तर त्याला काम देऊ नका. गिअरबॉक्स साधारण ४० ते ९० पौंडांत येतो, पॅकर काही पौंडांत मूठभर. नवं दार बसवून घेणं सहज हजारावर जातं.

काही गोष्टी राहिल्या. भाड्याचं घर असेल तर आधी मालकाला लेखी कळवा. फ्लॅटच्या मुख्य दाराला यातलं काही लागू करू नका. सामायिक जिन्यात उघडणारं दार अग्निरोधक असू शकतं आणि त्याचं कुलूप मनानं बदलता येत नाही. पुण्यामुंबईतल्या यूपीव्हीसी दारांनाही पॅकिंगचं तत्त्व तेच, पण वरची मापं गृहीत धरू नका, मोजून घ्या. आणि तुमचं दार आत्ता बंद अवस्थेत अडकलं असेल तर हँडल हिसडू नका. पल्ला हातानं वर आणि आत दाबून धरत दुसऱ्याला हँडल फिरवायला सांगा, कधीकधी तेवढ्यानं सुटतं. नाही सुटलं तर न फोडता उघडणारा कुलूपवाला बोलवा आणि फोनवरच विचारा की दार उघडायचे किती पैसे आणि गिअरबॉक्स बदलायचे किती. दार उघडल्यावर ते उघडंच ठेवा. नव्या गिअरबॉक्सवर हँडल आणि किल्ली उघड्या दारात अनेकदा पूर्ण चालवून बघितल्याशिवाय दार लावू नका.